जाळ्याखालचं घर

"दिसतंय का?" वुकाशिन काकांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"काका, मानेवर फुंकर घालू नका. शोधतेय ना!"

यास्नाच्या पडद्यावर बेलग्रेडच्या कडेची टेकडी होती. वीस वर्षांची उपग्रहचित्रं एकापुढे एक लावून ती शहर कसं पसरत गेलं याचा नकाशा करत होती. आधी शेतं, मग चार छपरं, मग उतू गेलेल्या दुधासारखी उतारभर घरंच घरं. परवानगी एकालाही नाही. हे बघताना ती तहानभूक विसरायची.

आठवड्यापूर्वी काका आले, बगलेत फाइल आणि हातात घरी गाळलेल्या राकियाची बाटली घेऊन. तेव्हापासून ते रोज हजर.

नियम सरळ होता. २०१५च्या वसंतातल्या सरकारी उपग्रहचित्रात छप्पर दिसलं, तर घर कायदेशीर. नाही दिसलं, तर पाडायचं. प्लॉट एकशे बारावर सोमवारी बुलडोझर येणार होता, आणि आज शुक्रवार. चित्रात तिथे नुसती आलुबुखाराची हिरवी बाग.

"दिसणार कसं?" काकांनी कपाळावर हात मारला. "इन्स्पेक्टरच्या धाकाने सगळी टेकडी घरं लपवायची. कुणी छपरावर गवत टाकायचं, कुणी वेल चढवायचा. या घरावर सैन्यातलं हिरवं जाळं टाकलं. जाळं माझंच. मेलं भलतंच चांगलं निघालं!"

"एवढी अक्कल लढवून लपवायचं, आणि आता म्हणायचं दाखव!" यास्ना खो खो हसली.

"हस, पोरी, हस. वरच्या खोलीत तीन मुली झोपतात. सोमवारनंतर त्यांनी कुठे झोपायचं?"

तिचं हसू विरलं. फाइलीत तर त्याहून वाईट कागद होता: त्याच वसंतातला इन्स्पेक्टरचा अहवाल. 'जागा रिकामी. फक्त झाडे.'

"कोण हा आंधळा?" ती करवादली. "दारात उभं राहून घर दिसलं नाही? याच्या एका ओळीपायी घर जायची वेळ आली. भेटू दे, चांगली खरडपट्टी काढते."

"काढच," काका म्हणाले आणि कॉफीच्या कपात बघत राहिले.

एकाएकी तिने मान वर केली. "जाळं कसलं होतं?"

"नायलॉनचं. का गं?"

यास्ना खुर्चीतून उडालीच. उपग्रह आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेडही टिपतो. तो रंगवून पाहिला की जिवंत पान लालभडक दिसतं. नायलॉनला कितीही हिरवा रंग द्या, ते काळपटच राहतं. चित्र तेच, तारीख तीच. कुणाला बोट ठेवायला जागा नाही.

तिने बटण दाबलं. बाग पेटल्यासारखी लाल झाली. मधोमध एक काळा चौकोन होता, कडा अगदी सरळ.

"काका, मापं सांगा, पटकन!"

"आठ बाय साडेसहा मीटर. फितीने मोजलंय, मी स्वतः."

तिने चौकोन मोजला. आठ. साडेसहा.

"सापडलं!" ती इतक्या जोरात ओरडली की पलीकडच्या खोलीतली माणसं धावत आली. काकांनी तिचे दोन्ही गाल तीनदा मुके घेऊन ओले केले. कॉफीच्याच कपांत राकिया ओतली गेली. एवढा आनंद तिला पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

तिने चित्र छापलं, अर्ज भरला आणि काकांपुढे सरकवला.

"इथे मालकाची सही. आणि त्या अहवालाविरुद्ध तक्रारही ठोकू. पण त्या दीडशहाण्याचं नावच लागत नाहीये, नुसत्या रेघोट्या आहेत."

"मालक खाली उभा आहे, मुलींना घेऊन. वर यायचा धीर होत नाही त्याला. बोलावतो." काकांनी बाहीने डोळे पुसले. "तक्रार मात्र लिही, पोरी. घर वाचवायला ओढलेल्या त्या रेघोट्या माझ्याच आहेत."