आडवे ओरखडे

सर्फबोर्डच्या तळाला पॉलिश पेपर मारायचा तो टोकापासून शेपटीकडे, सरळ. त्या बारीक रेघांतून पाणी सुळकन निघून जातं. तीस वर्षं बोर्ड बनवणाऱ्या आईचा हात यात कधी चुकला नव्हता. स्वतः मात्र ती गुडघाभर पाण्यापुढे कधी गेली नव्हती. लेकीच्या स्पर्धेच्या सकाळी तिने घराएवढ्या लाटा बघितल्या. लेक कपडे बदलत होती तेवढ्यात तिने खरखरीत पेपर घेतला आणि लेकीच्या बोर्डाच्या तळावर मुद्दाम आडवा घासला. पाणी अडेल, वेग मरेल, पोरगी पहिल्याच फेरीत हरेल. हरू दे. धडधाकट घरी तर येईल!

आता लेक सगळ्यांत मोठ्या लाटेवर उभी राहिली होती. किनाऱ्यावर आईने डोळे गच्च मिटून घेतले.

"काकू, उघडा डोळे," शेजारी उभा असलेला लेकीचा कोच हसून म्हणाला. "इथे जिवाला धोका एकच. लाट कोसळायच्या आत तिच्यापुढे निसटता आलं नाही तर. आणि तुमच्या हातच्या बोर्डाएवढा वेग इथे आहे कुणाकडे?"