गुनवोरचं शून्य

"तुझं रक्त अगदी माझ्यासारखं आहे, रोलांड. जा, बिनधास्त कामाला लाग." गुनवोरने अहवाल त्याच्या हातात ठेवला. पाइपांचे जोड क्ष-किरणांनी तपासणारा तो गडी हसला आणि दुसऱ्याच दिवशी कामावर रुजू झाला. ही मार्चमधली गोष्ट.

गुनवोर म्हणजे त्या प्रयोगशाळेचं शून्य. किरणांनी माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं किती नुकसान केलं, ते तिथे मोजत. हजार पेशींत तुटून वेडीवाकडी जुळलेली गुणसूत्रं किती ते बघायचं आणि त्यातून निरोगी माणसाचा आकडा वजा करायचा. तो निरोगी माणूस चौदा वर्षं गुनवोरच होती. दर मंगळवारी बाही वर करायची, रक्त द्यायचं, मग कॉफी आणि दालचिनीचा पाव. तिचा आकडा नऊ. पुस्तकात एक-दोन लिहिलेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"पुस्तकवाल्यांचे रंग वेगळे, भिंगं वेगळी," प्रमुख सिक्स्टेन म्हणायचा. "आपलं शून्य जरा खात्यापित्या घरचं आहे."

मे महिन्यात गुनवोर तापाने पडली, म्हणून प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या तुवाने तिच्या जागी स्वतःचं रक्त लावलं. आकडा आला एक.

"डोळे आहेत की बटणं?" परत आल्यावर गुनवोर तिच्यावर डाफरली आणि स्वतः मोजायला बसली. एकच. मग हट्टाने सिक्स्टेनचं रक्त लावलं. दोन. सफाईवाल्या बाईंचं लावलं. एक.

गुनवोरने भिंग बाजूला सारलं. तिला तळघरातलं जुनं किरणयंत्र आठवलं. त्याचं दार नीट लागत नसे. नोकरीची पहिली चार वर्षं ती ते खांद्याने रेटून उभी राहायची आणि सिक्स्टेन कौतुकाने म्हणायचा, "गुनवोर आहे तोवर नवं दार कशाला?"

आता तो खिडकीबाहेर बघत होता. "इतक्यात कुणाला कळवू नकोस," तो म्हणाला. "चौदा वर्षांचे अहवाल आहेत."

तिने वही उघडली. रोलांडचा आकडा होता दहा. दहातून नऊ गेले, राहिला एक. तिचा तिलाच संताप आला. तिने फोन लावला.

"काय गं, परत सुई टोचायचीय?" रोलांड हसत म्हणाला. मागे कारखान्याची घरघर चालू होती.

"आधी ते यंत्र बंद कर आणि बाहेर ये," ती म्हणाली. "मार्चमध्ये मी खोटं बोलले नव्हते, रोलांड. तुझं रक्त अगदी माझ्यासारखंच आहे."