पॉज फक्त गोल्डवाल्यांना

सात तोंडांच्या राक्षसाची तीन तोंडं उडवून झाली होती, तेवढ्यात मागून शिट्टी वाजली.

"शिट्टी!" सून हेडफोनमध्ये ओरडली आणि सवयीनं पॉज दाबला.

शिट्टी आप्पांची, म्हणजे सासऱ्यांची. हयातभर ते फुटबॉलचे रेफरी होते. आता खुबा मोडून खिडकीखालच्या पलंगावर पडून असायचे. कानाला हेडफोन असले की सुनेला हाका ऐकू येत नाहीत, म्हणून शिट्टी. एक लांब म्हणजे पाणी. दोन आखूड म्हणजे भांडं, आणि भांड्याला उशीर चालत नाही.

आत्ता लांब वाजली होती.

खेळ थांबला नाही. टीव्हीवर सोनेरी रिबीन बांधलेला एक चौकोन उघडला. *थांबायचंय? अभिनंदन! पॉजची सोय फक्त गोल्ड एडिशनमध्ये.* चौकोनाच्या मागे राक्षसाचं चौथं तोंड तिचा डावा हात चावत होतं. हात नीट दिसतही नव्हता, कारण त्याच्यावर 'आत्ताच बुक करा' असं लिहिलेलं होतं.

"म्हणजे काय?" आपल्या घरून खेळणाऱ्या डॉक्टरनं हेडफोनमधून विचारलं. हा जनावरांचा डॉक्टर.

"म्हणजे थांबायचे पैसे," मावशी म्हणाला. मावशी हा ट्रक चालवणारा दाढीवाला गडी. हे नाव त्याला कसं पडलं, हे विचारायची आजवर कुणाची हिंमत झालेली नव्हती.

"पहिल्या भागात फुकट होतं की!"

"पहिल्या भागात घोड्यालाही शेपूट फुकट होतं."

तिघांनी टेकडीकडे पाहिलं. तिघांचे घोडे पाठमोरे उभे होते, मागून उशीसारखे गुळगुळीत.

दुसरा भाग बाजारात यायला अजून महिना होता. आज दुपारपुरती ट्रायल खुली होती. त्या शेपटांवरून नेटवर आधीच रणकंदन माजलेलं. लोकांनी बहिष्काराच्या शपथा घेतल्या, शपथ घेतानाचे फोटो टाकले आणि त्याच हातानं आगाऊ बुकिंग केलं. पॉजबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. ज्यांना मधेच उठावं लागतं ती माणसं बहुधा फोटो टाकत नसावीत.

पहिल्या भागात एकानं पॉज दाबला की तिघंही थांबायचे. सून म्हणायची "शिट्टी", की मावशी चहाला जायचा आणि डॉक्टर एखाद्या गाईच्या मालकाला फोन करायचा. मग सून येऊन म्हणायची "चला", आणि राक्षसाचा वर उचललेला पाय खाली यायचा. घरी आलेल्या पँटी आखूड करायच्या, आप्पांचं बघायचं, आणि मधे हा तासभर. दिवसभरात तेवढंच ती घराबाहेर जायची.

तिनं खेळता खेळता एका हातानं मागे पाण्याचा तांब्या सरकवला. तांब्या पोचला, पण तेवढ्यात राक्षसानं तिला टेकडीवरून खाली फेकलं.

मग दोन आखूड वाजल्या.

"मी मेले असं समजा," ती म्हणाली, आणि उठली.

तिनं भांडं दिलं, पडदा ओढला आणि पाठ करून उभी राहिली.

"कोण पडलं?" पडद्यामागून आप्पांनी विचारलं.

"मी. थांबायचे पैसे मागतायत, आप्पा."

"कुणाकडे?"

"ज्याला थांबायचंय त्याच्याकडे."

"खेळाडू पडला की मी खेळ थांबवायचो," आप्पा म्हणाले. "एकदा मैदानात कुत्रं आलं, तरी थांबवला होता. बॉलवर बसून राहिलं पठ्ठं. मी काय त्या कुत्र्याकडे पैसे मागितले?"

"नाही."

"मग?"

भांडं रिकामं करून, हात धुऊन ती परत आली. आल्यावर पडदा सारला, आप्पांना उशीला टेकवून बसवलं आणि हेडफोन कानाला लावले.

ती मेलेली नव्हती. टेकडीच्या पायथ्याशी पडली होती तिथेच होती. तिच्यावर डॉक्टर ओणवा होऊन ढाल धरून उभा होता. डॉक्टरच्या पुढ्यात मावशी आडवा पडला होता, साफ मेलेला, पण त्याचीही ढाल उभीच.

"हलला नाही गं हा," डॉक्टर म्हणाला. "मी म्हटलं पळ, तर पळेना."

"चढावर ब्रेक सोडत नसतात," मेलेला मावशी म्हणाला. "आप्पांचं झालं का?"

"झालं," सून म्हणाली. तिला पुढे आणखी काही बोलायचं होतं, पण तेवढ्यात सोनेरी रिबिनीचा चौकोन पुन्हा उघडला.

*वा! तुम्ही सहकाऱ्यावर ढाल धरलीत! ही सोय ट्रायलपुरतीच मोफत आहे.*

मागे आप्पांनी चष्मा लावला. ओठ हलवत त्यांनी ते सगळं वाचलं, रिबिनीसकट. मग म्हणाले, "सूनबाई, माझी कार्डं कुठायत?"

कार्डं शिलाई मशीनच्या खणात होती, बटणांच्या डबीखाली. तिनं दोन्ही आणून दिली. आप्पांनी पिवळं परत तिच्या हातात ठेवलं.

"आधी ताकिदीचं पिवळं दाखवतात ना, आप्पा?"

"चुकलेल्याला," आप्पा म्हणाले. "हा चुकलेला नाही."

आणि त्यांनी लाल कार्ड टीव्हीसमोर धरलं, हात सरळ वर, कोपरात न वाकवता. राक्षस टेकडीवर फेऱ्या मारत होता. चौकोन चमकत होता.

"झालं की आप्पा, घ्या आता खाली."

"मैदानाबाहेर जाईपर्यंत हात खाली घ्यायचा नसतो."

चौकोन जाईना. थोड्या वेळानं आप्पांचं कोपर वाकायला लागलं. सुनेनं कंट्रोलर खाली ठेवला, पलंगाच्या कडेला बसली आणि दोन्ही हातांनी त्यांचं कोपर वर धरून ठेवलं.