चारचौघींत नाव

अरबस्तानात एक तरुण कपडे टाकून वाळवंटात निघून गेला. काही दिवसांनी हरणं त्याला घाबरेनाशी झाली.

तिळाच्या वड्या यंदा जरा कडक झाल्या.

उज्जैनच्या फ्रीगंज भागातल्या बागेतलं एक बाक. रोज संध्याकाळी त्यावर दोन चष्मे आणि एक थर्मास.

नवऱ्याचं नाव दोन ओळींत गुंफून चारचौघींत घ्यायचं, मग हातात वाण पडतं. विधवेला कुणी नाव घ्यायला सांगत नाही. वाणही देत नाही.

"भेट, बोल, चहा पी," तुषार आपल्या विधवा आईला म्हणाला होता. "लग्नाचं मात्र काढू नको. आणि त्यांचं नाव लोकांत निघू देऊ नको, बस."

आत्ता आई, म्हणजे अंबिका, स्वयंपाकघरात मसाला दूध ओतते आहे. बाहेर सुनेचं, पूजाचं, संक्रांतीचं हळदीकुंकू रंगलं आहे.

वाळवंटातल्या तरुणाची गोष्ट तिला बाकावर रोज भेटणाऱ्या शैलेंद्र यांनी सांगितली. त्यांची सगळी नोकरी कुवेतला झाली. तिथे ते अरबी शिकले. बायको गेल्यावर उज्जैनला परत आले, आणि आता जुन्या अरबी प्रेमकथा बाकावर बसून मराठीत सांगतात. त्या तरुणाचा गुन्हा एवढाच, की त्याने कविता केल्या आणि त्यांत मुलीचं नाव सगळ्या टोळीसमोर घेतलं. असं नाव घेणाऱ्याला टोळी मुलगी देत नसे. बापाने तिला दुसरीकडे दिलं. तो वेडा झाला.

"नुसतं नाव घेतलं म्हणून?" अंबिका म्हणाली होती. "आमच्यात तर घेतल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत."

शैलेंद्र इतके हसले की थर्मासचं झाकण बाकाखाली घरंगळलं. ते शोधता शोधता तिने विचारलं, "आणि तिने त्याचं नाव घेतलं असतं तर?"

"ते कुणी लिहिलेलं नाही."

अंबिका ट्रे घेऊन बाहेर आली. शेजारच्या विजयावहिनींनी नुकतंच नाव घेतलं होतं, टाळ्या अजून चालू होत्या. अंबिकाने ट्रे खाली ठेवला. पदर नीट केला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी ती मधोमध उभी राहिली.

"वाळवंटात हरणं, क्षिप्रेत दिवे,
शैलेंद्ररावांचं नाव घेते, ऐकायचंय त्यांनी ऐकावे."

टाळ्या थांबल्या. दूध घेणारे हात ट्रेवरच राहिले.

विजयावहिनींनी तिचं मनगट धरलं. "ताई, तबियत ठीक आहे ना? या वयात दिमाग फिरला की काय?"

"फिरला असेल," अंबिका म्हणाली. "बरं वाटतंय पण."

पुरुषांनी अशा वेळी घरी यायचं नसतं, पण तुषार लवकर आला होता. तो दारात उभा होता, हातात स्कूटरची किल्ली. त्याने सगळं ऐकलं. मग तो खाली वाकला आणि बुटाची नाडी सोडू लागला. नाडी सुटली, तरी बराच वेळ वाकलेला राहिला.

पूजाने त्याच्याकडे पाहिलं नाही. हळदीकुंकवाची कोयरी घेऊन ती सासूसमोर आली. तिच्या कपाळाला कुंकू लावताना थोडं नाकावर सांडलं. तिने ते पुसलं नाही. स्टीलची एक नवी वाटी सासूच्या हातात ठेवली, त्यात एक वडी ठेवली.

"सांभाळून आई," ती म्हणाली. "कडक झाल्यात."

अंबिकाने वडी तोंडात टाकली. सगळ्याजणी बघत असताना ती सावकाश, आवाज करत, चावून खाल्ली.

वाणाच्या वाट्या पूजाने आदल्या आठवड्यात गोपाळ मंदिराजवळच्या दुकानातून आणल्या होत्या. किती बायका येणार, असं दुकानदाराने विचारलं, तेव्हा तिने सासूलाही धरून आकडा सांगितला होता.