चार बादल्यांचं घर

कुणाला किती पाणी लागतं, या अभ्यासासाठी चार विषयांचे चार प्राध्यापक एका टेबलाशी बसले होते. यादीतल्या एका घराचं गणित काही केल्या बसेना. घर तीन खोल्यांचं आणि पाणी दिवसाला जेमतेम चार बादल्या!

“मीटर बिघडलाय,” पाणीपुरवठा अभियांत्रिकीच्या बाईंनी निकाल दिला.

“छे हो! घर बंद असणार, नळ ठिबकत असणार,” अर्थशास्त्राचे सर म्हणाले.

“मग ‘कुलूपबंद’ लिहा आणि पुढे चला. एवढ्याशा पाण्यात माणूस राहतो का कुठे?” प्रशासन शिकवणाऱ्या मॅडमना घाई होती. “काय हो सर, तुम्हाला काय वाटतं?”

पाणी वाया घालवणं कसं अनैतिक, हे अहवालातलं प्रकरण लिहिणारे तत्त्वज्ञानाचे सर मीटरच्या नंबराकडे बघत होते. तो मीटर त्यांच्याच घराचा होता आणि त्या तीन खोल्यांत ते एकटेच राहत होते.

“लिहा कुलूपबंद,” ते म्हणाले.

संध्याकाळी घरी आल्या आल्या त्यांनी न्हाणीघरातला नळ पूर्ण सोडला आणि बाहेर येऊन मीटरसमोर उभे राहिले. काटा भराभर फिरताना दिसला, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.