कपाळावरचा खड्डा

नवऱ्याला कांजिण्या आल्या तेव्हा मला दिवस गेलेले होते. विरारच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “तुम्हाला लहानपणी येऊन गेल्यात का? गेल्या असतील तर शरीर त्यांना विसरत नाही, बाळ सुखरूप राहतं.” मला काय ठाऊक? सांगणारी आई वारलेली. धावत एसटीडी बूथ गाठला. गुहागरची लाइन लागेपर्यंत पदराचं टोक चावून ओलं केलं. “मावशी, मला कांजिण्या आल्या होत्या?” “आल्या होत्या. कपाळावरचा खड्डा त्यांचाच.” “तो तर झोपाळ्यावरून पडल्याचा!” “तसं सांगायचं ठरलं होतं. मुलगी बघायला येणारे डाग शोधतात, बाई. म्हणून तर ताई तुला मोठी टिकली लावायची.” रिसीव्हर ठेवला. टिकली काढून बूथच्या काचेला चिकटवली आणि खड्डा मिरवत नवऱ्याच्या उशाशी जाऊन बसले.