फोटोतली दीदी

बी.फार्म. होऊनही नोकरी काही मिळेना, तेव्हा पूर्णिमानं आपलं लायसन्स बीरगावच्या एका मेडिकलवाल्याला महिन्याच्या भाड्यानं वापरायला दिलं. तिथं फार्मासिस्ट म्हणून तिचा फोटो लागला. ती स्वतः मात्र तेलीबांध्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना साड्या उलगडून दाखवायची.

एका दुपारी एक बाई साडी सोडून तिच्याच तोंडाकडे बघत राहिली. "बीरगावच्या मेडिकलात फोटो आहे, तो तुमचाच ना दीदी?"

आजवर कुणी तिला फार्मासिस्ट म्हणून ओळखलं नव्हतं. पूर्णिमाचा चेहरा खुलला. "हव, मीच ती!"

बाईनं हळूच तिचा हात धरला.

"माह्या पोट्टीले तिथं भलतंच औषध देलं, अन् ती गेली. त्या दिवशी तुम्ही कुठं होत्या, दीदी?"